जागा पुरत नाही म्हणून १६ जीबीच्या आयपॅडवर अपडेट अडकलंय?

आधी मॉडेल बघा. आयपॅड एअर २ किंवा मिनी ४ असेल तर आयपॅडओएस (आयपॅडची सिस्टीम) १५ पर्यंत जाता येतं; २०१३ चा पहिला एअर असेल तर आयओएस १२ या जुन्या सिस्टीमवरच गाडी थांबते, उगाच खटपट नको.

फोटो उडवूनही जागा होत नाही? ते फोटो अ‍ॅपच्या 'रीसेंटली डिलीटेड' अल्बममध्ये महिनाभर ठाण मांडून बसतात, तिथूनही काढा. मग सेटिंग्ज, जनरल, आयपॅड स्टोरेज उघडून यादीत खाली जा. अर्धवट उतरलेलं अपडेटच तिथे जागा अडवून बसलेलं सापडेल. ते डिलीट करा.

तरीही अडलं तर सरळ केबल लावून कॉम्प्युटरवरून करा. मला विचाराल तर सुरुवातच इथून करावी. अपडेटची फाइल कॉम्प्युटरवर उतरते, तिथेच उलगडते, त्यामुळे आयपॅडवर जागा कमी लागते. त्यासाठी विंडोजवर आयट्यून्स हे अ‍ॅप उघडा, नव्या मॅकवर फाइंडर. आधी बॅकअप घ्या, आणि बटण 'अपडेट'चंच दाबा. शेजारचं 'रिस्टोअर' सगळं पुसून टाकतं! चार्जिंग निम्म्याच्या वर असू द्या, आणि मधेच केबल ओढू नका.