स्कर्ज ऑफ वॉर: वॉटर्लू घ्यावा का? (उत्तर जरा लांब झालंय)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की टोटल वॉर मालिकेतले गेम खेळून झालेत, नेपोलियनच्या काळाची आवड आहे, लॅपटॉप साधा आय-फाइव्हवाला आहे, रात्री जेवणं झाल्यावर तासभर मिळतो आणि आता सेल लागलाय तर स्कर्ज ऑफ वॉर: वॉटर्लू हा १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईवरचा कॉम्प्युटर गेम घ्यावा की नको, कारण व्हिडिओत ग्राफिक्स फारच जुनाट दिसताहेत.

ग्राफिक्सचं आधी सांगून टाकतो. जुनेच आहेत. गेम २०१५ चा आहे आणि त्याचं घराणं आणखी मागचं, २००६ चा टेक कमांड: सेकंड मॅनॅसस, मग २०१० चा स्कर्ज ऑफ वॉर: गेटिसबर्ग आणि मग हा. जमीन थ्रीडी आहे पण माणसं सपाट चित्रं आहेत, कॅमेरा जवळ नेला की लगेच कळतं. नेपोलियन टोटल वॉरमध्ये तलवारीला तलवार भिडताना जी मजा येते ती इथे शोधायला जाऊ नका, मिळणार नाही. पण मला विचाराल तर ह्या गेमचा निर्णय ग्राफिक्सवर घ्यायचाच नाही, तो एका वेगळ्याच गोष्टीवर घ्यायचा, ती म्हणजे हुकूम पोचायला वेळ लागणं तुम्हाला सोसेल का.

टोटल वॉरमध्ये आपण आकाशातून सगळं रणांगण बघतो, पलटणीवर क्लिक केलं की ती तत्क्षणी वळते. इथे तुम्ही एक माणूस आहात, घोड्यावर बसलेला. एखाद्या ब्रिगेडचे (काही पलटणींचा गट), डिव्हिजनचे (काही ब्रिगेड), कोअरचे (काही डिव्हिजन) किंवा अख्ख्या सैन्याचे सेनापती होता येतं आणि तुमच्या हाताखालचा प्रत्येक अधिकारी स्वतःच्या डोक्याने लढत असतो. सेटिंग कडक ठेवली तर हुकूम चिठ्ठीने जातो, म्हणजे खरोखर एक स्वार ती चिठ्ठी घेऊन दौडत निघतो, त्याला वेळ लागतो, तो पोचेपर्यंत तिथली परिस्थिती बदललेली असते. त्यात हेडक्वार्टर्स इन द सॅडल म्हणून एक पद्धत आहे, ती लावली की कॅमेरा तुमच्या घोड्याला बांधला जातो, तुमच्या सेनापतीला जे दिसेल तेवढंच तुम्हाला दिसतं, पुढे टेकडी आली की टेकडीपलीकडचं काहीच नाही, नुसता तोफांचा आवाज.

आता ह्याचं महत्त्व काय, तर १८१५ ची ती सगळी मोहीमच ह्या एका गोष्टीवर फिरलेली आहे. १६ जूनला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, लिग्नीला नेपोलियन प्रशियन सैन्याशी लढत होता आणि कात्र ब्रा इथे त्याचा मार्शल ने (Ney, हे आडनाव) इंग्रज सेनापती वेलिंग्टनशी, आणि द'एर्लों ह्या फ्रेंच सेनापतीचा अख्खा कोअर, जवळजवळ २०,००० माणूस, उलटसुलट हुकमांमुळे दिवसभर ह्या दोन लढायांच्या मधे चालत राहिला, कुठेच नीट लढला नाही. १८ तारखेचं, म्हणजे खुद्द वॉटर्लूच्या लढाईचंही तसंच. नेपोलियनचाच मार्शल ग्रूशी ३३,००० लोक घेऊन वावर (Wavre) ह्या गावाच्या बाजूला प्रशियनांच्या मागावर होता, दुपारी एकच्या सुमाराला नेपोलियनकडून निघालेला हुकूम त्याच्या हातात पडेपर्यंत संध्याकाळ व्हायला आली होती, तोवर प्रशियन सेनापती ब्ल्यूखरचे लोक वॉटर्लूच्या रणांगणावरच्या प्लांसनोआ गावात घुसले होते. पुस्तकात हे वाचताना आपण म्हणतो की काय ही माणसं, एवढं साधं कसं जमलं नाही. ह्या गेममध्ये डिव्हिजन घेऊन उभं राहिलं आणि वरून आलेला हुकूम समोर दिसणाऱ्या शत्रूशी जुळेनासा झाला, की मग कळतं ते साधं नव्हतं. हे मला दुसऱ्या कुठल्याच गेमने दिलेलं नाही आणि म्हणून मी ह्याच्याबद्दल इतकं पोटतिडकीने लिहितोय.

आपल्याकडच्या लोकांसाठी ह्यात आणखी एक धागा आहे. वॉटर्लूचा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये आधी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आत्ताच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. त्या लढाईतही हेच झालं होतं बघा, वेलस्लीच्या ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याने हुकमाचा अर्थ चुकीचा घेतला, आपली तुकडी सरळ असई गावाच्या तोफांपुढे नेली, मागोमाग ७४ वी पलटणही तिकडे ओढली गेली आणि दोन्हींची भयंकर कत्तल झाली. वेलस्ली जिंकला, पण शिंद्यांच्या तोफखान्याने त्याच्याकडून जबर किंमत वसूल केली. एका हुकमाचा गोंधळ म्हणजे काय हे वेलिंग्टन वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी आपल्याच मातीत बघून गेला होता. हे डोक्यात ठेवून वॉटर्लूला इंग्रजांच्या बाजूने खेळा, तो घोड्यावरून सतत स्वतः इकडून तिकडे का फिरत होता ते लगेच उमजतं, कारण गेममध्येही तेच करावं लागतं.

लढाईचं अंगही चांगलं आहे. पायदळाला रांग, स्तंभ आणि चौकोन अशा रचना आहेत आणि कुठली कधी करायची ह्यात सगळा खेळ आहे. घोडदळ आलं की चौकोन करायचा, पण त्या चौकोनावर तोफा लागल्या तर दाट उभी माणसं पटापट पडतात, आणि रांग मोडायला उशीर झाला तर स्वार आत शिरतात. वॉटर्लूला दुपारी चारनंतर मार्शल ने ह्याने पायदळाच्या आधाराशिवाय घोडदळाच्या लाटांवर लाटा इंग्रजांच्या चौकोनांवर सोडल्या, त्या का फुटल्या हे तुम्ही फ्रेंच बाजूने एकदा करून बघा. थकवा आणि धीर ह्या दोन गोष्टी तर फार नीट सांभाळल्यात, दमलेली पलटण कागदावर कितीही मोठी असली तरी दोन फैरींत मागे सरकायला लागते. आणि जमीन! वेलिंग्टनने आपली बरीच माणसं टेकाडाच्या कडेमागे दडवून ठेवली होती. आज प्रत्यक्ष तिथे गेलात तरी तो उतार तसा दिसत नाही, कारण नंतर सिंहाच्या पुतळ्याचं ते मोठं टेकाड उभारलं, जे १८२६ मध्ये पूर्ण झालं, त्यासाठी माती त्याच कडेची खणली. गेममध्ये १८१५ चं रणांगण आहे, घोड्याच्या उंचीवरून ती कड बघितली की फ्रेंचांना पलीकडचं काही का दिसत नव्हतं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता वाईट बाजू. इंटरफेस किचकट आहे, बटणांची नुसती दाटी, कुठलं बटण पलटण तुमच्या हातात घेतं आणि कुठलं ती पुन्हा तिच्या अधिकाऱ्याकडे सोपवतं हे डोक्यात बसायला वेळ जातो आणि सुरुवातीला लोक इथेच कंटाळून सोडून देतात. शिकवणी (ट्युटोरियल) आहे पण पुरत नाही, मॅन्युअल वाचावंच लागतं. हाताखालचे अधिकारी कधी कधी खरंच मूर्खपणा करतात, तोफा पायदळाच्या पुढे नेऊन ठेवतात वगैरे, तो इतिहासातला गोंधळ नाही, तो प्रोग्रॅमचा दोष आहे आणि त्याचा राग येतो. मोहीम, राज्यकारभार, कर, इमारती बांधणं, असलं टोटल वॉरसारखं इथे शोधू नका, भर सगळा लढाईवर आहे.

लॅपटॉपचं म्हणाल तर चालेल. ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर ताण येतो कारण एवढे अधिकारी एकाच वेळी विचार करत असतात, त्यामुळे अख्ख्या सैन्याची लढाई अडखळणार हे धरून चाला आणि स्क्रीनवरच्या शिपायांची संख्या सेटिंगमधून कमी करा. ब्रिगेड-डिव्हिजनच्या लढाया निवांत चालतात. विंडोज मात्र पाहिजे.

रात्रीच्या एका तासात काय होईल? छोटी ब्रिगेडची लढाई सहज होते, मोठ्या लढाया सेव्ह करून दोन-तीन रात्रींत वाटून घ्याव्या लागतात आणि मधे दिवस गेला की धागा तुटतो, कोणाला काय हुकूम दिला होता तेच आठवत नाही. मी तरी कागदावर लिहून ठेवतो. मल्टीप्लेअर सुंदर आहे, एकाच बाजूला चार-पाच जण वेगवेगळ्या डिव्हिजन घेतात आणि एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत कॉम्प्युटरविरुद्ध लढतात, पण असे गट बहुतेक युरोप-अमेरिकेतले, युरोपची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र आणि अमेरिकेची म्हणजे आपली पहाट-सकाळ, तेव्हा सकाळी ऑफिस असलेल्या माणसाने त्याच्या भरवशावर गेम घेऊ नये.

मग घ्यावा का? तुम्ही लिहिलंय की टोटल वॉरमध्ये लढाई सुरू झाली की पॉज करून एकेका पलटणीला जागेवर बसवायला आवडतं. खरं सांगू, ह्या एका वाक्यामुळे मी थोडा थांबलो. कारण इथे तसं केलंत तर पहिल्या तासातच हात भरून येतील, पलटणी फार आहेत आणि गेमची अपेक्षाच अशी की तुम्ही हुकूम देऊन अधिकाऱ्यावर सोडून द्याल. ते सोडून देणं जमणार नसेल तर अल्टिमेट जनरल: गेटिसबर्ग बघा, २०१४ चा आहे, अमेरिकन यादवी युद्धाचा, माउसने बाण ओढला की ब्रिगेड चालू लागते, एका रात्रीत एक लढाई होते, आणि लॅपटॉपला अजिबात जड नाही. डाव-प्रतिडाव शांतपणे विचार करून खेळायचे असतील तर फील्ड ऑफ ग्लोरी टू, आळीपाळीने डाव टाकायचा, प्राचीन काळातल्या लढायांचा गेम. आणि मनातून मराठेच खेळायचे असतील तर त्यासाठी २००९ चा एम्पायर टोटल वॉर आहे, त्यात १७०० पासून मराठा सत्ता घेऊन खेळता येतं, वॉटर्लूवर पैसे घालून ती हौस भागणार नाही.

पण द'एर्लोंची ती गोष्ट वाचून तुम्हाला त्याच्या जागी असायला हवं होतं असं वाटलं असेल, तर घ्या, सेलमध्येच घ्या. फक्त मूळ गेम घ्या. लिग्नी, कात्र ब्रा, वावर हे वेगळे विकत मिळतात, ते आत्ता नको, पुढच्या सेललाही ते असतीलच. स्टीमवर घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, म्हणून ते दोन तास मेनूत आणि सेटिंगमध्ये घालवू नका, मॅन्युअल आधीच डाउनलोड करून मोबाइलवर वाचून काढा. मग शिकवणी पटकन उरका, ब्रिगेडची एक लढाई कॅमेरा मोकळा ठेवून खेळा आणि लगेच तीच लढाई पुन्हा, ह्या वेळी कॅमेरा घोड्याला बांधून आणि चिठ्ठ्या चालू करून. दुसऱ्या वेळी धूर, टेकडी आणि न येणारं उत्तर ह्यांनी नुसती चिडचिड झाली तर तिथेच रिफंड मागा.