फिल्मच्या डबीवर ‘१००/२१°’ लिहिलंय, त्यातला २१ कशाचा?

तो फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे हे सांगणारा जुना जर्मन डिन आकडा. आधीचा १०० म्हणजे त्याच गोष्टीचा अमेरिकन आकडा, एएसए. १९७४ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने दोन्ही एकत्र आणले.

एएसएचा हिशेब सरळ आहे: आकडा दुप्पट झाला की निम्म्या उजेडात भागतं. डिनमध्ये मात्र दुपटीला फक्त ३ अंश वाढतात. म्हणून २००/२४°, ४००/२७°.

घरात पूर्व जर्मनीची जुनी ऑर्वो एनपी २२ फिल्म सापडली, तर तो २२ एएसए समजू नका. ते २२ डिन, म्हणजे १२५ एएसए; फरक अडीच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा)! (मुदत संपलेली फिल्म मंदावते, तिला थोडा जादा उजेड द्याच.)

उजेड मोजायचा मीटर नसेल तर भर उन्हात १०० च्या फिल्मला लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटर १/१२५ सेकंद ठेवा.