पोरगी सारखी तसलीच पुस्तकं वाचते, काळजी करू का?

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुठली तरी आई नाहीतर बाबा विचारतातच. तसली म्हणजे डिस्टोपियन, जिथे सरकार माणसांवर नजर ठेवतं, पुस्तकं जाळतात, पोरांना एकमेकांना मारायला लावतात. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

अकरावीतली मुलगी, आई बँकेत. मुलीने ऑर्वेलचं '१९८४' तीनदा वाचलं होतं आणि आईला डिप्रेशनची धास्ती. मी आधी झोप, जेवण, मैत्रिणी सगळं विचारलं, जगणं नकोसं वाटतं का हे पण सरळ विचारलं (हे विचारायला घाबरू नका, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही). सगळं ठीक होतं. तिथे काही बिघडलेलं दिसलं असतं तर पुस्तकाचा विषय बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

मग विचारलं, परत परत कुठलं पान उघडतेस गं? मला वाटलं छळाचं सांगेल, खोली नंबर १०१ चं. तर म्हणाली, नाही, सुरुवातीचंच. गोष्टीचा नायक विन्स्टन, त्याच्या घरात टेलिस्क्रीन असतो, तो सतत बघतो, ऐकतो, पण भिंतीत एक कोनाडा असतो, तिथे बसलं की टेलिस्क्रीनला माणूस दिसत नाही, आवाज तेवढा जातो, आणि जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेली कोरी वही घेऊन तो तिथे डायरी लिहायला बसतो. "मला तो कोनाडा पाहिजे," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

घरी तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर कॅमेरा होता. फोनचं लोकेशन आईकडे, क्लासची हजेरी आईच्या फोनवर. आईचा हेतू काळजीचाच, घरी यायला रोज साडेसात होतात, मध्ये पोरगी एकटी.

मला इतक्या वर्षांत हे पटलंय की अशी गोष्ट माणसाकडून एकेक वस्तू काढून घेत जाते आणि वाचणारा जिथे कळवळतो तिथे त्याची खरी किंमतीची गोष्ट असते. हॉस्टेलवर राहणारा एक मुलगा 'हंगर गेम्स' वाचून आला होता, त्याला त्यातल्या मारामारीचं काहीच नव्हतं, तो अडकला होता त्या जीवघेण्या खेळासाठी धाकट्या बहिणीचं नाव निघतं आणि नायिका कॅटनिस तिच्याऐवजी स्वतः पुढे होते तिथे. घरची आठवण येते असं मात्र तो कधीच म्हणाला नव्हता.

आईला म्हटलं, तुम्ही पण वाचा ना एकदा. तीन आठवड्यांनी आल्या, पुस्तकात बोट घालून. त्यांचं पान वेगळंच निघालं. लहानपणी भूक लागलेली असताना विन्स्टन बहिणीच्या वाटणीचं चॉकलेट हिसकावून पळतो आणि आईकडे द्यायला काहीच उरलेलं नसतं, ती नुसती त्या लेकराला जवळ घेते, तो परत येतो तेव्हा दोघी नाहीशा झालेल्या असतात. "मॅडम, मी कॅमेऱ्यातून बघते तिला, जवळ कधी घेतलं शेवटचं?" मुलगी बाजूलाच बसलेली.

कॅमेरा त्याच आठवड्यात निघाला. लोकेशन राहिलं, ते मुलीनेच राहू दे म्हटलं. आता डायरी लिहिते म्हणे, कुठे ठेवते ते आईला माहीत नाही, आणि आईने अजून विचारलेलं नाही.