ऑफिसजवळची खोली परवडते, पण तिसऱ्या महिन्यापर्यंतच

प्रश्न: मोठ्या शहरातल्या एका न्यूजरूममध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. जवळची शिल्लक चार महिन्यांच्या विद्यावेतनाएवढी आहे. ऑफिसला चालत जाता येईल अशी खोली मिळते आहे. तिचं भाडं विद्यावेतनाच्या ७० टक्के, डिपॉझिट दोन भाड्यांचं. दुसरी जागा तासाभराच्या अंतरावर, शेअरिंगमध्ये, ४० टक्क्यांत, डिपॉझिट एका भाड्याचं. शिवाय हप्त्यांवर कॅमेरा घ्यायचा विचार आहे. काय करू?

उत्तर: इंटर्नशिप जरूर घ्या. जवळची खोली मात्र या अटींवर घेऊ नका आणि कॅमेरा आत्ता नकोच. यातली अडचण वरवर हिशेब केला तर दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विद्यावेतन १०० धरू, म्हणजे शिल्लक ४००. जवळच्या खोलीत राहिलात तर भाडं ७० आणि जेवण, फोन, किरकोळ मिळून ६०, असा महिन्याचा खर्च १३० धरतो. गादी, बादली, पंखा असलं सुरुवातीचं सामान २५. सहा महिन्यांचा खर्च ८०५, हाताशी येणारे १०००. कागदावर १९५ उरतात आणि इथेच फसगत होते. डिपॉझिटचे १४० पहिल्याच दिवशी जातात आणि खोली सोडल्यावरच परत मिळतात. भाडं १ तारखेला आगाऊ द्यावं लागतं. विद्यावेतन महिना भरल्यावर, म्हणजे पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आसपास येतं, असं धरून चला.

आता महिने मोजा. पहिल्या महिन्याअखेर तुमच्याकडे १०५ उरतात, दुसऱ्याअखेर ७५. तिसऱ्या महिन्याच्या १ तारखेला ७० भाडं दिलं की हातात ५. पुढचे दहा दिवस जेवण-किरकोळ खर्चाला २० लागणार. म्हणजे एकूण हिशेब जमत असतानाही तिसऱ्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात खिसा रिकामा होतो. अनेक जण अशा वेळी क्रेडिट कार्ड काढतात. त्यावरचं व्याज महिन्याला ३ टक्के धरलं तरी चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. ‘किमान रक्कम’ भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही.

लांबच्या जागेचा हिशेब करताना भाड्यातली ३० ची बचत पूर्ण धरू नका. पास १२ चा. शिवाय इंटर्नला उशिराची पाळी लागतेच. शेवटची गाडी चुकली की टॅक्सी. एका फेरीला ३ आणि महिन्यात सहा रात्री धरल्या तर १८ गेले. जेवण, फोन, किरकोळ इथे थोडं कमी, ५५ धरू. बेरीज १२५. जवळच्या खोलीपेक्षा फक्त ५ ने कमी! तरीही ही जागा तुम्हाला तारते, कारण डिपॉझिट ४० आणि सामान १० यांतच भागतं. पहिल्या महिन्याअखेर २२५ हातात, सहाव्याअखेर १००, आणि मधे कधीच तूट नाही. शेवटचं विद्यावेतन आणि डिपॉझिट आलं की २४० होतात. नोकरी शोधायला जवळजवळ दोन महिन्यांची सोय.

रोज दोन तास प्रवास आणि वर रात्रपाळी, याने माणूस थकतो. थकलेल्या वार्ताहराच्या हातून कामं सुटतात, हे मला मान्य आहे. म्हणून जवळच्या खोलीसाठी घरमालकाशी एकदा बोलून बघा. डिपॉझिट एका भाड्याचं आणि भाड्याची तारीख १२, या दोन्ही अटी मिळाल्या तर ती खोली घ्या. नुसतं डिपॉझिट कमी झालं तर पाचव्या महिन्यात पुन्हा ५ ची तूट येते. करार मात्र सहा महिन्यांचाच हवा. वर्षाच्या करारात मधेच खोली सोडल्यास डिपॉझिट कापलं जाऊ शकतं आणि मग वरच्या सगळ्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

कॅमेऱ्याचा हप्ता महिन्याला १५ धरला तर वर्षभराचा हप्ता इंटर्नशिपच्या दुप्पट काळ चालणार. सहा महिन्यांनंतर तो कशातून भरणार? तुम्हाला फोन, कॉलरला लावायचा माइक आणि पॉवर बँक पुरेल. विशेष कामासाठी न्यूजरूमचा कॅमेरा मिळतो का, ते विचारा. बाहेर फ्रीलान्स लिहून हप्ते फेडू असं मनात असेल तर आधी इंटर्नशिपचं पत्र वाचा. दुसरीकडे लिहायला मनाई असू शकते. परवानगी असली तरी अनेक ठिकाणी मानधन मजकूर छापून आल्यावर निघतं, दिल्यावर नाही. म्हणून ते खात्यात येईपर्यंत हिशेबात धरू नका.

बातमीसाठी खिशातून होणाऱ्या खर्चाला १० वेगळे ठेवा. बिलं त्याच दिवशी फोनवर टिपा, कारण मशीनमधून निघणाऱ्या थर्मल पावतीवरची छपाई काही काळाने फिकी पडते आणि कोऱ्या पावतीवर अकाउंट्स विभाग पैसे देत नाही.

खोलीचं टोकन देण्याआधी एचआरला एक मेल करा. विद्यावेतन कोणत्या तारखेला जमा होतं, पहिला महिना अर्धा असेल तर किती मिळतं, महिन्यात किती रात्रपाळ्या, रात्री घरी सोडायची गाडी आहे का, आणि बाहेरच्या कामाचा प्रवासखर्च आगाऊ मिळतो की नंतर. रात्रीची गाडी मिळत असेल तर लांबच्या जागेचा खर्च १०७ वर येतो, आणि मग जवळच्या खोलीसाठी घरमालकाशी घासाघीस करायचीही गरज नाही.