मंगळावरचा बर्फ मोजायचाय ना, मग आधी हे वाच

तुझा मेल वाचला. ध्रुवावरचा बर्फ ऋतूप्रमाणे कसा वाढतो-घटतो ते फोटोंवरून मोजायचं असं डोक्यात आहे तुझ्या, कल्पना चांगलीय, पण नुसत्या फोटोंवर विसंबू नकोस. ऐन हिवाळ्यात तिथे ध्रुवीय रात्र असते, म्हणजे थर चढत असतो नेमका तेव्हाच साध्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. आणि दक्षिण ध्रुवाजवळ एक भाग वसंतात काळपट दिसतो, वाटतं बर्फ उडून गेला, पण तापमान बघायला जावं तर उणे 125 सेल्सिअसच्या आसपास, कार्बन डायऑक्साइड गोठलेलाच राहील इतकं थंड, म्हणजे त्याचा बर्फ आहे तिथेच, फक्त पारदर्शक असल्यामुळे खालची जमीन दिसतेय.

म्हणून उंचीपासून सुरुवात कर. मार्स ग्लोबल सर्व्हेयर या नासाच्या यानावरच्या मोला या लेझर अल्टिमीटरचा (लेझरने उंची मोजणाऱ्या उपकरणाचा) 1999 ते 2001 चा डेटा नासाच्या अर्काइव्हवर फुकट मिळतो. यान सुमारे 400 किमीवरून सेकंदाला 10 पल्स सोडायचं, पल्स जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. डेव्हिड स्मिथ, मारिया झुबर आणि ग्रेगरी न्यूमन या शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये यातूनच दाखवलं की 80 अंश अक्षांशांच्या पलीकडे हिवाळ्यात उंची दीड ते दोन मीटरने वाढते.

आता खरी मेख. दोन ऋतूंतले ट्रॅक (यान जाताना जमिनीवर पडलेल्या लेझरच्या ठिपक्यांच्या रांगा) जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या उंचीतला फरक तुला घ्यायचाय, पण लेझरचा ठिपका जमिनीवर दीडेकशे मीटर रुंद आणि दोन ठिपक्यांमध्ये 300 मीटर अंतर, त्यामुळे बरोबर छेदबिंदूवर शॉट पडलेला नसतोच, शेजारच्या शॉटवरून अंदाज काढावा लागतो. उतार फक्त 1 अंशाचा असला आणि जागा 100 मीटरने चुकली तर उंचीत पावणेदोन मीटरचा फरक येतो, म्हणजे तू शोधतोय तो अख्खा सिग्नल यातच गेला! म्हणून एकट्या छेदबिंदूवर कधीच भरवसा ठेवू नकोस, चढउतार जास्त असलेले भाग गाळ, आणि अक्षांशाच्या पट्ट्यापट्ट्याने हजारो छेदबिंदूंची सरासरी घे. हेच गणित विषुववृत्ताजवळ पण चालव, तिथे हा हंगामी थर नसतो त्यामुळे उत्तर शून्याच्या जवळ यायलाच हवं. नाही आलं तर यानाच्या कक्षेची चूक (यान नेमकं कुठे होतं त्यातली चूक) तुझ्या आकड्यांत शिरलीय, आधी ती काढ, मग ध्रुवाकडे वळ.

आणि उंची म्हणजे वस्तुमान नव्हे हे पक्कं लक्षात ठेव, कारण थर भुसभुशीत आहे की घट्ट ते लेझरला कळत नाही. त्याच टीमने यानाच्या डॉप्लर ट्रॅकिंगवरून (रेडिओ संदेशाच्या फ्रिक्वेन्सीतल्या बदलावरून यानाचा वेग मोजून) गुरुत्वाकर्षणातला बदल काढला, तो उंचीशी जोडला, तेव्हा सरासरी घनता आली घनमीटरला 910 किलो, त्यातही 230 इकडेतिकडे. हा 230 मला फार आवडतो, आपल्याला किती कळलंय ते इतक्या स्वच्छपणे सांगितलेलं क्वचित बघायला मिळतं.

विषुववृत्ताजवळच्या फरकांचा हिस्टोग्राम (कोणता फरक किती वेळा आला त्याचा आलेख) तयार झाला की लगेच पाठव, ध्रुवाचा नंतर बघू.