प्रिफिक्स सोड, यूआरआय बघ

भाऊ, कळमना मार्केटच्या संत्र्याच्या पावतीत 'दर' म्हणजे मालाचा भाव, अन् ट्रान्सपोर्टच्या बिलात 'दर' म्हणजे गाडीभाडं. दोन्ही एकाच एक्सएमएल फाइलीत (टॅग लावून माहिती लिहायची पद्धत) आले, तर कोणता 'दर' कोणाचा हे फाइलीनंच सांगावं. समोरच्यानं तुला फोन करून विचारायची वेळ येऊ नये. त्यासाठीच वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं १९९९ मध्ये नेमस्पेसची, म्हणजे कोणतं नाव कोणत्या गटातलं हे सांगायच्या सोयीची, शिफारस काढली.

प्रिफिक्स, म्हणजे नावाआधी कोलन देऊन लावलेला छोटा शब्द, काहीही ठेव, ते नुसतं टोपणनाव. खरी ओळख यूआरआयची, म्हणजे प्रिफिक्सला जोडलेल्या वेबपत्त्यासारख्या नावाची, आणि ती अक्षरन् अक्षर जुळवली जाते. 'एचटीटीपी'चं 'एचटीटीपीएस' केलंस की नेमस्पेसच बदलला. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडलाच पाहिजे असं काही नाही बाप्पा. नवीन पोरं इथंच उगाच अडकतात.

खरी गोची तुकडा कापताना होते. कोणतं प्रिफिक्स कोणत्या यूआरआयचं ही घोषणा असते रूट एलिमेंटवर, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या टॅगवर, तू मधलाच भाग उचलून पाठवतोस, आणि पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्राम) अनोळखी प्रिफिक्स पाहून थांबतो. म्हणून मजकूर हातानं कापू नको, एक्सएमएलच्या लायब्ररीकडून (तयार कोडकडून) सिरियलाइझ करून घे, म्हणजे तो भाग तिलाच मजकुरात लिहू दे. लागणाऱ्या घोषणा ती सोबत लिहिते. मात्र अ‍ॅट्रिब्यूटच्या, म्हणजे टॅगमध्येच लिहिलेल्या जोडमाहितीच्या, व्हॅल्यूत दडलेलं प्रिफिक्स, जसं एलिमेंटचा प्रकार सांगणाऱ्या 'एक्सएसआय टाइप'मध्ये असतं, तिच्या नजरेतून सुटू शकतं. ते तूच तपास. आणि हो, डिफॉल्ट नेमस्पेस, म्हणजे प्रिफिक्सशिवाय जाहीर केलेला, बिनप्रिफिक्सच्या अ‍ॅट्रिब्यूटला लागत नाही.