विधान करताना वाक्याच्या शेवटी आवाज चढला, तर बोलण्यात आत्मविश्वास कमी वाटतो का?

होय, बहुतेक वेळा वाटतो, कारण मराठीत ‘तुम्ही उद्या येणार’ हे विधान केवळ शेवटचा स्वर चढवूनही प्रश्न बनते आणि ऐकणाऱ्याला आपण त्याची संमती मागत आहोत असे भासते. नाशिकमध्ये वक्तृत्व स्पर्धांसाठी विद्यार्थ्यांची तयारी करून घेताना मला याहूनही मोठी अडचण श्वासाची दिसते: आपले क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि नेमका तिथेच श्वास संपल्याने ‘आहे’ की ‘नाही’ हेच नीट ऐकू येत नाही. म्हणून लांब वाक्यात मध्येच श्वास घ्यावा, शेवटचा शब्द पूर्ण उच्चारावा आणि स्वर तिथे खाली आणावा. मात्र यादी सांगताना किंवा वाक्य अपुरे असताना स्वर वर राहणे स्वाभाविकच आहे.